झोळीतलं संशोधन

खाली चार पॉवरलूम चालू, वर माडीवर तीन दिवसांची बाळंतीण. जिना चढून आलेल्या आशाताईंनी, म्हणजे या वस्तीच्या आरोग्य कार्यकर्तीने, अंगठी काढून पर्समध्ये टाकली, बांगड्या वर सरकवल्या आणि मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. पुसले मात्र नाहीत. दोन्ही पंजे वर धरून वाळायची वाट बघत उभ्या राहिल्या. बाळंतिणीची सासू टॉवेल घेऊन आली तर म्हणाल्या, "राहू द्या मावशी, पुसले की धुतल्याचा काय उपयोग?"

मग बाळ. उलट्या पंजाने आधी पोट चाचपलं, मग तळपाय. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजतेय. झबलं वर केलं, घड्याळ समोर धरलं आणि नजर बाळाच्या पोटावर. मागांची खटखट एवढी की माझंच बोलणं मला ऐकू येईना. या गलक्यात श्वास कसे मोजणार, असं मी ओरडूनच विचारलं. मिनिट संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "श्वास ऐकायचा नसतो दादा, बघायचा असतो." पोट वर जाऊन खाली आलं की एक. अठ्ठेचाळीस भरले. साठाच्या आत आहेत, म्हणजे ठीक. थर्मामीटरची शिट्टी तेवढी या गल्लीत ऐकू येत नाही. त्यासाठी त्या बाळाच्या काखेशी कान नेतात.

बुऱ्हाणपुरात बाळाला न्यूमोनिया झाला असं घरचं कोणी म्हणत नाही. "पसली चल रही है" म्हणतात. शेजारच्या मेळघाटात बाळाचं पोट फुगलं, श्वास लागला की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके द्यायचे, त्याला डंबा म्हणतात. नाव काही असो, आयांनी आणि आज्यांनी खूण बरोबर हेरलेली असते: बाळ जोरजोरात श्वास घेतंय, बरगडीखाली खड्डा पडतोय. अडतं ते पुढे काय करायचं तिथे. आशाताईंच्या पिशवीत त्याचं उत्तर आहे, आणि ते उत्तर या गल्लीपासून पाचशेहून जास्त किलोमीटरवर, गडचिरोलीत तयार झालंय.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सहून सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि १९८६ साली गडचिरोलीत राहायला गेले. संस्थेचं नाव 'सर्च', म्हणजे शोध. नावातच संशोधन असलेली संस्था दवाखाना काढते तेव्हा लोकांना वाटतं, आपल्यावर प्रयोग होणार. तिथे गोष्ट उलटीच होती. प्रयोगाचा विषय गावाने दिला आणि निष्कर्षही आधी गावात वापरले गेले. राणीताईंनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली तर ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध छापून येईपर्यंत खेड्यातली बाई म्हणजे बाळंतपण, एवढंच आरोग्य खात्याला दिसत होतं.

मला त्या सगळ्यात सर्वांत जास्त भुरळ पडली ती एका लाकडी फळीची. दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं होतं. त्यासाठी श्वास मोजायला हवेत, आणि अनेकींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. सरकारी डोक्याने इथे प्रौढ साक्षरतेचा वर्ग काढला असता. बंगांनी मण्यांच्या दोन ओळी असलेलं एक साधन केलं आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरू. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. ओळी दोन अशासाठी की दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मुळातच जलद असतो; त्याची हद्द साठाची, त्याहून मोठ्या तान्ह्याची पन्नासाची. आशाताई शिकलेल्या आहेत, त्यांना मणी लागत नाहीत. पण साठाची हद्द तीच.

पुढचा प्रश्न नवजात बाळांचा. १९९५-९६ साली ३९ गावांत, गावातल्याच बायकांनी, ज्यांना तिथे आरोग्यदूत म्हणतात, ७६३ बाळं घरोघरी जाऊन पहिले २८ दिवस पाहिली आणि लिहून ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली शंभरातल्या तिघांनाही नाही. बाळ मरण्याचं एक मोठं कारण जंतुसंसर्ग, सेप्सिस. आणि तो ओळखायला प्रयोगशाळा हवी, असा तोवरचा समज. गडचिरोलीच्या नोंदींतून सात लक्षणं काढली गेली, त्यांतली कोणतीही दोन एकदम दिसली की सेप्सिस धरायचा. त्यांतली पहिली दोन आईच्याच तोंडची आहेत: आधी नीट रडायचं, आता आवाज क्षीण झाला, आधी नीट ओढायचं, आता ओढत नाही. 'आधी' आणि 'आता' यांतला फरक आईशिवाय कोणाला कळणार? तपासायला येणाऱ्या डॉक्टरला 'आधी' ठाऊकच नसतं.

लक्षणं दिसली की आरोग्यदूत घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत असे. यावरून बरंच वादळ उठलं. खेड्यातल्या बाईच्या हातात सुई हा डॉक्टर मंडळींना अपमानच वाटला. आकडे मात्र सरळ होते. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ वर आलं. ३९ गावांचा नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत २५.५ झाला. ४७ गावं तुलनेसाठी होती, तिथे तसं काही घडलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'ने छापलं.

छापलं म्हणजे झालं, असं संशोधकांना वाटतं. जेम्स लिंडने १७४७ साली जहाजावर लिंबू-संत्र्याने स्कर्व्ही बरा करून दाखवला आणि ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सरसकट द्यायला घेतला तो १७९५ मध्ये. त्या मानाने आपण धावतच आलो. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळाच्या घरभेटीची शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने 'एचबीएनसी' म्हणून देशभरच्या आशांच्या कामात ती घातली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी जन्मलं तर पहिल्या दिवसाची एक जास्त.

वाटेत एक गोष्ट गळाली ती इंजेक्शनची. आशाच्या पिशवीत सुई नाही. २०१४ मध्ये विशिष्ट परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची परवानगी मिळाली ती एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला. आशाने ओळखायचं, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावायचा, मोठ्या दवाखान्यात धाडायचं. माझं मत विचाराल तर, संशोधनाचा जो भाग कोणाच्या अधिकाराला धक्का लावत नव्हता तो व्यवस्थेने घेतला. दवाखाना जवळ असेल तिथे हे चालून जातं. सातपुड्याच्या डोंगरात, खकनारच्या पलीकडच्या पाड्यावर, रात्री दोन वाजता ओढेनासं झालेल्या बाळाचं काय, हा प्रश्न गडचिरोलीने सोडवला होता. तो पुन्हा उघडा पडला.

दुसरी गोष्ट पैशाची. सगळ्या भेटी मिळून २५० रुपये, तेही बेचाळीस दिवस झाल्यावर. मूळ आदेशात अटी होत्या: वजन कार्डावर लिहिलेलं हवं, जन्मनोंद हवी, पहिल्या लसी हव्यात, आणि आई व बाळ दोघं सुखरूप हवीत. सर्जनची फी अशा बोलीवर कोणी ठरवली आहे का?

आमच्या बुऱ्हाणपूरला बाळंतपणाचा इतिहास तसा जुना. मुमताजमहल १६३१ साली इथेच चौदाव्या खेपेला गेली. ताजमहाल आग्र्याला उठला, पण तिला आधी दफन केलं ते तापीपलीकडे जैनाबादला. गाइड पर्यटकांना हे रंगवून सांगतात. त्या खेपेची मुलगी गौहरआरा जगली आणि १७०६ पर्यंत, पंचाहत्तर वर्षांची होऊन गेली, हे क्वचितच कोणी सांगतं. राजवाड्यात दाया-हकीम कमी नसणार. बाकीच्या गावाचं तेव्हा काय होतं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. आता लिहिलं जातं. २०२० च्या नमुना नोंदणीत मध्य प्रदेशचा, म्हणजे आमचा, अर्भकमृत्युदर हजारी ४३, देशात सर्वांत जास्त. अर्ध्या-पाऊण तासावरच्या रावेरला, म्हणजे महाराष्ट्रात, १६.

माडीवर आता वजन. कापडी झोळी आधी रिकामीच काट्याला अडकवली, स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला, मग बाळ झोळीत घालून डोळ्यांच्या रेषेत उचललं. काट्यावर लाल, पिवळा, हिरवा पट्टा. हिरव्यात, दोन किलो सातशे. आजीबाई पुटपुटल्या, "दृष्ट लागेल, मोठ्याने सांगू नका." आशाताईंनी आकडा न बोलता लिहिला, चौकोनात खूण केली, पुढची तारीख सांगितली आणि निघाल्या.

पुढच्या घराला कुलूप होतं. तिथलं बाळ कमी वजनाचं, चारच दिवसांपूर्वी सरकारी दवाखान्याच्या नवजात कक्षातून घरी आलेलं. खरं तर त्याच्याचसाठी त्या उन्हाच्या निघाल्या होत्या. शेजारीण म्हणाली, "माहेरी नेली तिला, रावेरकडे. सव्वा महिना करून येईल."

सव्वा महिना म्हणजे उरलेल्या जवळजवळ सगळ्या भेटी. राज्य बदललं, वही बदलली. इकडच्या वहीत बाळ गैरहजर आणि तिकडच्या वहीत जन्मलेलंच नाही. आशाताई पायरीवर बसल्या, मोबाइल काढला आणि शेजारणीला विचारू लागल्या, गावाचं नाव काय, कोणाच्या घरी गेली, आणि तिथली आशा कोण आहे हे कोणाला माहीत असेल.