गिटारीचे पडदे : एकवीस, बावीस कीं चोवीस?

पूर्वीं ज्या घरांत पेटी, सतार किंवा व्हायोलिन यांपैकीं एखादें वाद्य हमखास दिसे, त्या घरांतील मुलेंमुली आतां विजेच्या गिटारीचा हट्ट धरूं लागलीं आहेत. तो पुरवावयाचा असें वडील मंडळींनीं ठरविलें, म्हणजे दुकानांत पहिला प्रश्न उभा राहतो तो पडद्यांचा. कोणत्या गिटारीवर एकवीस पडदे असतात, कोणत्या गिटारीवर बावीस, तर कोणत्या गिटारीवर चोवीस. एक जाणता म्हणतो, ‘चोवीस पडद्यांचीच घ्या, स्वर अधिक मिळतात’; दुसरा बजावतो, ‘ती मुळींच घेऊं नका, नाद बिघडतो.’ पैसे देणाऱ्या आजोबांना किंवा काकांना दोघांचेंही म्हणणें पटतें आणि मन गोंधळांत पडतें. भलतेंच वाद्य घरीं आलें, तर मुलाचा उत्साह मावळतो आणि गिटार कपाटावर धूळ खात पडते. म्हणून ह्या वादांत तथ्य किती, हें एकदां शांतपणें पाहिलेलें बरें.

सतारीचे पडदे दांडीवर बांधलेले असल्यामुळें रागाप्रमाणें सरकवितां येतात. गिटारीचे पडदे दांडींत कायमचे बसविलेले असतात, आणि प्रत्येक पडद्यागणिक स्वर अर्ध्या स्वरानें चढतो. त्यांच्या जागा गणितानें ठरतात. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गालिलेई यांनीं १५८१ सालीं, उरलेल्या तारेच्या अठराव्या हिश्शावर पुढील पडदा बसवावा, असा हिशेब मांडला होता. आज अठराऐवजीं १७.८१७ हा अधिक सूक्ष्म आंकडा घेतात. या हिशेबानें बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर येतो, आणि चोविसावा घोडीपासून पाव लांबीवर येतो. तार साडेपंचवीस इंचांची असेल, तर पहिल्या पडद्याचें घर सुमारें ३६ मिलिमीटर रुंद होतें, आणि चोविसाव्याचें जेमतेम साडेनऊ. एवढ्या चिंचोळ्या जागेंत प्रौढ माणसाचें बोट मोठ्या प्रयासानेंच मावतें.

मग अधिक पडद्यांचा लाभ कोणता? चोवीस पडदे असले कीं प्रत्येक तारेवर पूर्ण दोन सप्तकें मिळतात. लिओ फेंडर यांच्या कारखान्यांतून १९५४ सालीं निघालेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर एकवीस पडदे होते. गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारीवर बावीस. बाविसाव्या पडद्यावर दोन सप्तकांना एक पूर्ण स्वर कमी पडतो. परंतु सतारिये मींड घेतात त्याप्रमाणें गिटारवादकही तार बाजूस ताणून स्वर चढवितात, आणि एवढा एक स्वर ताणून गांठणें ही नित्याची गोष्ट आहे. तेव्हां शेवटच्या दोन पडद्यांनीं अगदींच अप्राप्य असें कांहीं हातीं येत नाहीं. जो स्वर ताणून मिळत होता तो सरळ बोट ठेवून मिळतो, आणि तेथून आणखी वर ताणण्यास वाव राहतो, इतकेंच.

आतां नादाकडे वळूं. या वाद्यांत तारांच्या खालीं पिकअप बसविलेले असतात. लोहचुंबक आणि त्याभोंवतीं बारीक तारेचें वेटोळें, अशी त्यांची रचना असते. वर पोलादी तार कंप पावली कीं वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, आणि तीच पुढें ध्वनिवर्धकांतून नाद होऊन बाहेर पडते. घोडीजवळ तार फारशी हलत नाहीं, म्हणून तेथील पिकअपचा नाद बारीक व टोंकदार असतो. दांडीलगतच्या पिकअपचा भरदार व गोल. स्ट्रॅटोकास्टरचा दांडीलगतचा पिकअप घोडीपासून पाव लांबीवर, म्हणजे चोविसावा पडदा जेथें यावयाचा नेमक्या त्याच जागीं आहे. तेथें पडदे बसवावयाचे तर पिकअपला घोडीकडे सरकावें लागतें, आणि नादाची गोलाई थोडी उणावते. ‘नाद बिघडतो’ या तक्रारीचें मूळ हें आहे. दोष पडद्यांच्या संख्येचा नाहीं. पिकअपच्या बदललेल्या जागेचा आहे. फेंडर कंपनीनें १९८७ च्या सुमारास स्ट्रॅटोकास्टरला बाविसावा पडदा दिला, तेव्हां पडद्यांची पट्टी किंचित् पुढें वाढविली आणि पिकअप होता तेथेंच ठेवला. पडदा वाढला, पण नादाचें स्थान ढळलें नाहीं.

या पाव लांबीच्या जागेंत कांहीं स्वयंसिद्ध गोडवा आहे, असेंही सांगितलें जातें. मोकळी तार छेडली असतां मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सहायक नादही उमटतात, आणि त्यांपैकीं चौपट कंपनांचा नाद त्या बिंदूवर निश्चल असतो, हें खरें. परंतु पांचव्या पडद्यावर बोट टेकतांच तोच बिंदू उरलेल्या तारेच्या तिसऱ्या हिश्शावर येतो, आणि बाराव्यावर टेकतांच मध्यावर. बोट हललें कीं जी जागा बदलते, तिला मंत्रसिद्ध मानण्याचें कारण नाहीं.

वाजविण्याच्या सोयीचें रहस्यही संख्येंत नाहीं. लेस पॉलची दांडी धडाला सोळाव्या पडद्यापाशीं मिळते. त्याच गिब्सन कंपनीनें १९६१ सालीं नवी घडण काढली, जी पुढें एस्‌जी नांवानें ओळखली गेली. तिची दांडी बाविसाव्या पडद्यापर्यंत मोकळी होती. पडदे दोहोंवर बावीसच. परंतु एकीवर वरच्या स्वरांसाठीं मनगट वांकवावें लागतें आणि दुसरीवर हात सहज पोहोंचतो. ज्या पडद्यावर बोट सुखानें पोहोंचत नाहीं, तो असून नसल्यासारखाच.

तात्पर्य, दुकानांत पडदे मोजण्यापूर्वीं गिटार मुलाच्या हातीं द्यावी. शेवटच्या पडद्यावर त्याचें बोट विनासायास पोहोंचतें कीं नाहीं, तें पाहावें. मग दांडीलगतचा पिकअप लावून एकच सूर दोन-तीन गिटारींवर वाजवून घ्यावा, आणि डोळे मिटून ऐकावा. अतिवरच्या स्वरांतील द्रुत वादनाचीच ज्याला ओढ आहे, त्यानें चोवीस पडदे जरूर घ्यावे. ज्याला गोल, भरदार नाद प्रिय आहे त्याला एकवीस-बावीस पुरेसे आहेत. नव्या शिकाऱ्याचे पहिले कित्येक महिने तर पहिल्या पांच पडद्यांतच जावयाचे असतात. वरच्या दोन पडद्यांसाठीं जादा पैसे मोजावयाचे असतील, तर तेच चांगल्या शिक्षकाच्या शिकवणीला लावणें अधिक श्रेयस्कर.