पगार चालू राहण्याची हमी

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरची ऑर्डनन्स फॅक्टरी आम्हा गोंदियाकरांना परकी नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्याआधी आपण एकाच जिल्ह्यात नांदत होतो. तिथला कामगार वर्दी घालत नाही, पण त्याचे काम सैन्यासाठीच चालते. त्या कामातली जोखीम २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटाने सगळ्यांना दिसली. अशा माणसाला सरकारने 'घरी बसा, पगार मिळणार नाही' असे सांगितले तर?

अमेरिकेत तसे घडले आहे. २०१३ साली खर्चकपातीपायी संरक्षण खात्यातल्या सुमारे साडेसहा लाख बिगरलष्करी कर्मचाऱ्यांना सक्तीची बिनपगारी रजा घ्यावी लागली. ठरले होते ११ दिवस, निभावले ६ दिवसांवर. त्याच ऑक्टोबरमध्ये खर्चाची मंजुरी रखडली आणि पुन्हा लाखो जण घरी बसले. सैनिकांचा पगार चालू ठेवण्यासाठी घाईने केलेल्या कायद्याचा आधार घेऊन त्यांच्यापैकी बहुतेकांना थोड्याच दिवसांत परत बोलावले गेले.

आपल्याकडे असे का होत नाही? राज्यघटनेच्या ११६ व्या कलमात लेखानुदानाची सोय आहे. अर्थसंकल्पाला उशीर झाला, तरी संसद तोवरच्या खर्चाला आगाऊ मंजुरी देते. शिवाय फॅक्टरीतला कायम कामगार म्हणजे केंद्र सरकारचा नोकर.

हा दुसरा आधार मात्र हलला आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांकडे गेल्या. जवाहरनगर 'म्युनिशन्स इंडिया'कडे आले. कामगार प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानून त्यांना कंपनीकडे दिले गेले. मुदत आधी दोन वर्षांची होती, पुढे ती वाढवली गेली. प्रतिनियुक्ती आहे तोवर तो सरकारी नोकर. पण उद्या तो कंपनीचा झाला आणि मागणी घटली, तर? 'ले-ऑफ' म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरते घरी बसवणे. त्यात कायद्याने मिळते ती मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. घराचे हप्ते मात्र निम्मे होत नाहीत.

२०२१ च्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याने सरकारला संपावर बंदी घालण्याचा अधिकार दिला, तसा ले-ऑफवरही. त्या कायद्याची मुदत एकच वर्षाची होती. त्यातला न्याय मला पटतो. देशासाठी काम थांबवू नका असे ज्याला सांगायचे, त्याचा पगारही थांबणार नाही, हे कायमचे लिहून द्यायला हवे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)