डाएट मोडलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका

डाएट मोडलं की आपण म्हणतो, ‘मनावर ताबाच नाही!’ पण उपासमारीनंतर खाण्याची ओढ वाढणं, ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांवर प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. ते सतत खाण्याचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, चिडचिडे नि उदास झाले. पुढे मुबलक अन्न मिळाल्यावरही अनेकांची भूक शमेना.

अशा डाएटला पर्याय म्हणून १९९५ मध्ये एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या आहारतज्ज्ञांनी ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ ही पद्धत मांडली. तिचं सार असं:

✅ भूक लागली की खा, ती मारू नका.
✅ भात, तूप, पुरणपोळी खाल्ली म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.
✅ पोट भरल्याची जाणीव ओळखा.
✅ शरीर आज जसं आहे, तसा त्याचा मान राखा.

मधुमेहासारखा आजार असेल, तर आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच चाला. खाऊन मुद्दाम उलटी करणं किंवा दिवसच्या दिवस उपाशी राहणं घडत असेल, तर डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.

आणि कृपया, ‘किती जाड झालीस गं!’ हे कुणालाही म्हणू नका.