पक्षाघातानंतरचा रियाज

पक्षाघाताचा रोगी रुग्णालयातून घरी आला म्हणजे साऱ्यांना हायसे वाटते. पण कष्टाचे काम त्यानंतरच सुरू होते, हे फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही. त्याचे काम उरलेल्या भागांना शिकावे लागते, आणि ते शिकतात शेकडो आवर्तनांनी. आम्हां गाणे शिकविणाऱ्यांस हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

मग हा रियाज घरच्यांवर सोपवून भागेल काय? आपल्या देशातच याची मोठी परीक्षा झाली. २०१४ ते २०१६ या काळात १४ रुग्णालयांतील १२५० रोगी तीत घेतले होते. निम्म्यांच्या नातलगांना व्यायाम शिकविले, उरलेल्यांना नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत शेकडा ४७ रोगी दगावलेले किंवा परावलंबी आढळले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा निकाल छापून आला. घरच्यांच्या मायेत काही उणे होते, असे कोण म्हणेल?

अमेरिकेतील १२४ रोग्यांवरचा दुसरा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. काहींनी दवाखान्यात, काहींनी घरीच पडद्यावरून मार्गदर्शन घेऊन, ७० मिनिटांच्या ३६ बैठकी केल्या. त्यांतील निम्म्या देखरेखीखाली. हाताची सुधारणा दोहोंकडे जवळजवळ सारखीच झाली. या दोन प्रयोगांची सरळ तुलना करता येणार नाही हे खरे. तरी मला वाटते, नेमून दिलेली आवर्तने आणि त्यांवर जाणत्याची नजर यांतच मर्म आहे.

ती नजर कशी असते हे सुरतेस नानपुऱ्यात आमच्या एका आप्तांकडे पाहावयास मिळाले. सकाळी ठरल्या वेळी फिजिओथेरपिस्ट बाई मोबाइलवर येतात. मोबाइल समोर न ठेवता बाजूला ठेवावयाचा, म्हणजे धड कलते ते दिसते. गुजराती घराची शोभा जो झोपाळा, तो व्यायामाला वर्ज्य. भिंतीला टेकलेली पक्की खुर्चीच हवी. हातांचा आधार न घेता उठावयाचे, सावकाश बसावयाचे. मग टेबलावर पंचा पसरून दुबळ्या हाताने तो पुढे सरकवावयाचा, वाटी उपडी करावयाची, कपड्यांचे चिमटे दोरीला लावावयाचे. “काका, खांदा वर चढतोय, पुन्हा करा,” बाई लगेच टोकतात. तार षड्जासाठी मान ताणणाऱ्या शिष्यासारखीच ही चोरी. करणाऱ्याला ती कळतच नाही.

वहिनी त्यांना उठवावयास हात धरून ओढू लागल्या, तेव्हा बाई म्हणाल्या, “काकी, तो हात ओढू नका, खांदा निखळेल. कमरेला धरा.” पडणाऱ्याला पडद्यातून सावरता येत नाही. म्हणून चालण्याचा सराव कोणी शेजारी असल्याशिवाय करावयाचा नाही, हा त्यांचा कडक नियम. पावलांना ठेका दिला तर चाल सुधारते, हे तर शास्त्रीय प्रयोगांतही दिसले आहे. आमच्या या आप्तांची पावले विलंबित त्रितालात पडतात, आणि समेवर ते घटकाभर थांबतात.

आपल्या सरकारने दूरवैद्यकाचे नियम २०२० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केले. बडोद्यासुरतेच्या बाहेर, गावात राहणाऱ्यांस ही सोय अधिक मोलाची. मात्र पहिली तपासणी शक्यतो समक्षच करून घ्यावी. आणि तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, नवा लुळेपणा वाटला, तर व्यायामाच्या बाईंना विचारीत बसू नये. १०८ ला फोन करावा.