नाडा आणि नाडी

'नाडी' हा शब्द ऐकताच पहूरच्या एखाद्या मुलाला आपल्या पायजम्याची आठवण होते, तर त्याच्या आजीला वैद्याची. शब्द एकच, परंतु त्याचा संसार मोठा आहे.

नेफ्यातून ओवलेली दोरी ती नाडी. बुटाच्या भोकांतून आडवीतिडवी नेऊन सुरगाठीने बांधतात, तीही नाडीच. आता तिला खेड्यांतूनही सर्रास 'लेस' म्हणतात आणि झबल्याच्या काठाला लावलेल्या जाळीदार पट्टीलाही लेसच म्हणतात. इतक्या निराळ्या वस्तूंना एक नाव कसे पडले? हा शब्द इंग्रजीतून आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेत असून तेथे त्याचा अर्थ 'फास' असा होता. फासावरून दोरी आणि दोरीवरून दोऱ्यांची नाजूक गुंफण, असा त्याचा प्रवास झाला.

मराठी नाडीचा थोरला भाऊ म्हणजे नाडा. अजिंठ्याच्या लेण्यांच्या पायथ्याने येणारी वाघूर नदी पहूरवरून पुढे तापीकडे जाते; पण नदीचे पाणी सर्वच शेतांना कोठून पुरणार? विजेचे पंप येण्यापूर्वी खानदेशातील बागायत विहिरींवर व मोटांवर चाले. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिचे तोंड रुंद असे व खालच्या बाजूस सोंडेसारखी निमुळती नळी असे. तोंडाला बांधलेला जाड दोर तो नाडा, आणि सोंडेला बांधलेला बारीक दोर तो सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून आणि सोंदूर खालच्या कण्यावरून जाऊन दोन्ही बैलांच्या जुवाला जोडलेले असत. बैल उतरत्या धावेवरून चालू लागले की दोन्ही दोर बरोबरच ओढले जात. सोंड वर दुमडलेली राही, म्हणून वाटेत पाणी सांडत नसे. मोट वर पोचली की सोंड थारोळ्यात येऊन सरळ होई आणि पाणी भळभळा पाटाकडे धावे. किती साधी आणि किती हुशारीची ही योजना!

बैल उतरू लागले की मोटकरी नाड्यावरच बसे; त्याच्या भाराने बैलांचे ओझे थोडे हलके होई. अशा वेळी नाडा तुटला, तर भरलेली मोट विहिरीत कोसळे, बैल तोंडघशी पडत आणि मोटकरी जमिनीवर आपटे. पिकाचे पाणी, बैलांची जोडी आणि माणसाचा जीव ही सारी त्या एका दोरावर अवलंबून असत. 'नाडा तुटला' हे म्हाताऱ्या शेतकऱ्याचे शब्द ऐकून ज्या मुलाला केवळ पायजमा आठवतो, त्याला हसू येते. पण ती बातमी हसण्यासारखी नसे. जळगावजवळच्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी मोटेवर गीत रचले आहे. तेही या माहितीवाचून पुरते कळावयाचे नाही.

एखाद्याला अडचणीत पकडून लुबाडणे, याला मराठीत 'नाडणे' म्हणतात. सावकाराने नाडलेला शेतकरी दोरीने बांधलेला नसतो, तरी त्याला हलता येत नाही.

वैद्य पाहतो ती नाडी मात्र दोरीची नव्हे. संस्कृतात नाडी म्हणजे पोकळ देठ, नळी. त्यावरून शरीरातील रक्तवाहिनी. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटावर, तीन बोटे ठेवली की तिचे ठोके लागतात. स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढ माणसाचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १०० असतात. मुलांचे थोडे अधिक. प्राचीन कालगणनेत घटिकेलाही नाडी म्हणत. अशा ६० नाड्यांचा एक अहोरात्र होई, म्हणजे एक नाडी २४ मिनिटांची. पत्रिका जुळविताना ज्योतिषी जी नाडी पाहतो, ती आणखी निराळी. तिचा मनगटाशी काही संबंध नाही.

वर्तमानपत्रांत पुष्कळदा 'आर्थिक नाड्या आवळल्या' असे छापून येते. येथे कोणती नाडी घ्यावी? आवळावयाची म्हटली तर ती दोरी असली पाहिजे, आणि पिशवीच्या तोंडाची दोरी ओढली की पैसा आत अडकतो. परंतु पैसा हे व्यवहाराचे रक्त मानले, तर रक्तवाहिनी दाबली असाही अर्थ तितकाच नीट लागतो. गुरुजींना विचारून वर्गात दोन्ही बाजू मांडून पाहाव्यात.