नाद्रोगातील दूरचित्रवाणी

प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर भरदार अंगकाठी ही सुदृढतेची व घरच्या मायेची खूण मानली जाई आणि मुलीची भूक मंदावली, की वडीलधारी मंडळी आजार समजून तिला वनस्पतींचा काढा पाजीत. या मुलुखातील नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरचित्रवाणी आली, तेव्हा हार्वर्डच्या मनोविकारतज्ज्ञ डॉ. अ‍ॅन बेकर यांनी लागलीच, व पुन्हा १९९८ साली, शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटविण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी मुलगी पहिल्या खेपेस एकही नव्हती. तीन वर्षांनी अशा ११ टक्के निघाल्या. दोन्ही खेपांच्या मुली निरनिराळ्या, संख्याही प्रत्येकी साठ-पासष्टच, म्हणून सारा दोष दूरचित्रवाणीच्या माथी मारणे रास्त नव्हे, हे नमूद केले पाहिजे. परंतु पडद्यावरील नट्यांसारखे सडपातळ झालो तर नोकरी मिळेल, असे काहींनी स्वमुखाने सांगितले, याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही. स्वतःस इतरांशी ताडून पाहणे हा मनुष्यस्वभावच आहे. मात्र पूर्वी आई, आत्या, शेजारीण यांच्याशी होणारी ती तुलना आता शेकडोंतून निवडलेल्या, रंगभूषेने व प्रकाशयोजनेने सजविलेल्या देहांशी होऊ लागली. १९९८ च्या पाहणीत चौघींपैकी जवळजवळ तिघींना आपण, निदान अधूनमधून तरी, फार जाड आहोत असे वाटत होते.