रस्त्याचा हिशेब – लेखांक 6 : साठ डॉलर आणि दर दहा मिनिटांनी बस

मागच्या लेखात आपण पाहिलं, की शहराची बससेवा नुसत्या तिकिटाच्या पैशावर उभी राहत नाही. मग उरलेला खर्च गाडीमालकांनी उचलावा का? अमेरिकेतल्या सिॲटल शहराने या प्रश्नाचा बराच अनुभव घेतला आहे.

सिॲटल किंग काउंटीत येतं. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. तिथल्या बससेवेचं नाव ‘मेट्रो’. वॉशिंग्टन राज्यात वैयक्तिक आयकर नाही, त्यामुळे मेट्रोची मुख्य मदार विक्रीकरावर. पूर्वी गाडीच्या किमतीनुसार घेतल्या जाणाऱ्या वार्षिक कराचाही मोठा आधार होता. 1999 मध्ये मतदारांनी त्याविरुद्ध कौल दिला. न्यायालयाने त्या कौलातून आलेला कायदा घटनाबाह्य ठरवला, तरी विधिमंडळाने 2000 मध्ये तो कर काढून टाकलाच. मग 2008 ची मंदी आली. खरेदी आटली, विक्रीकर घटला. हातात पैसा कमी असतो तेव्हाच माणसाला बसची गरज जास्त असते, आणि नेमक्या त्याच काळात मेट्रोची तिजोरी रिकामी होऊ लागली.

फेऱ्यांमध्ये मोठी कपात टाळण्यासाठी काउंटी परिषदेने 2011 मध्ये प्रत्येक गाडीच्या वार्षिक नोंदणीवर 20 डॉलर ‘वाहतूक कोंडी निवारण शुल्क’ लावलं. मुदत दोनच वर्षांची.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. गाडी शहराच्या मध्यभागात आणली की पैसे, हा लंडनचा मार्ग. त्यात शुल्कच चालकाला परतवतं. वार्षिक नोंदणी शुल्काचं तसं नाही. वीस डॉलर एकदा भरले की गाडी रोज काढा नाहीतर दारात उभी ठेवा, रक्कम तीच. त्यामुळे असं शुल्क स्वतः कोंडी कमी करत नाही. कोंडी कमी होते ती त्या पैशातून वाढलेल्या बसमुळे.

ही मुदत संपत आली तेव्हा, एप्रिल 2014 मध्ये, काउंटीने नवा प्रस्ताव लोकांपुढे ठेवला: गाडीमागे 60 डॉलर आणि 0.1 टक्का जादा विक्रीकर. वसुलीचा मोठा वाटा बससाठी, बाकीचा रस्त्यांसाठी. सिॲटल शहर बाजूने होतं, पण उपनगरांनी प्रस्ताव पाडला. सप्टेंबरमध्ये बसमार्गांवर कुऱ्हाड कोसळली. त्याच नोव्हेंबरमध्ये सिॲटलने एकट्याच्या बळावर जवळपास तोच प्रस्ताव मांडला, पण आता पैसा शहरातल्या बससेवेसाठी राखून ठेवलेला. शहराने मेट्रोशी करार करून बससेवेचे जादा तास विकत घ्यायचे, अशी रचना होती. तो मोठ्या बहुमताने मंजूर झाला.

परिणाम लवकर दिसला. दर दहा मिनिटांनी बस मिळेल अशा थांब्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर 2015 मध्ये शहरातली सुमारे 25 टक्के घरं होती. 2019 पर्यंत हे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास गेलं. मध्यवर्ती भागात कामाला एकट्याने गाडी चालवत येणारे 2010 मध्ये साधारण एकतृतीयांश होते, 2017 मध्ये एकचतुर्थांश. या वर्षांत ॲमेझॉनसारख्या कंपन्यांमुळे तिथल्या नोकऱ्या हजारोंनी वाढल्या होत्या. 2016 मध्ये विद्यापीठापर्यंत गेलेल्या लाइट रेलचाही यात वाटा आहे. पण वेळेवर, वारंवार येणाऱ्या बसशिवाय हे घडलं नसतं.

या व्यवस्थेतली उणीवही मोठी होती. नव्या आलिशान गाडीला साठ डॉलर आणि वीस वर्षं जुन्या खटाऱ्यालाही साठच. कमी उत्पन्नाच्या मालकांना वीस डॉलर परत मिळत, पण त्यासाठी अर्ज करावा लागे. रद्द झालेला किमतीनुसारचा जुना कर याहून न्याय्य होता, असं माझं ठाम मत आहे.

2019 मध्ये राज्यभरच्या मतदारांनी गाड्यांचं शुल्क 30 डॉलरवर आणण्याचा कौल दिला. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पण तोवर अनिश्चितता इतकी वाढली होती, की सिॲटलने पुढच्या मुदतीसाठी गाडी शुल्क वगळून फक्त 0.15 टक्का विक्रीकराचा प्रस्ताव मतदानाला ठेवला. तो नोव्हेंबरमध्ये प्रचंड बहुमताने मंजूर झाला. बस टिकली, मात्र तिचा भार गाडीमालकाकडून सरकून प्रत्येक खरेदीदाराच्या, म्हणजे बसने जाणाऱ्याच्याही, खिशावर आला.

आपल्या शहरात असं शुल्क आणायची चर्चा निघाली, तर नुसता विरोध किंवा नुसता होकार देऊ नका. तीन प्रश्न विचारा. पैसा फक्त बससाठी राखून ठेवला जाणार का? महागड्या गाडीला जास्त आकार आहे का? आणि शुल्क सुरू होईल त्याच वर्षी माझ्या थांब्यावर किती फेऱ्या वाढतील? तिन्हींची लेखी उत्तरं मिळाली, तर ते शुल्क आनंदाने भरावं.

(पुढील लेखांकात : लंडनचा 2003 चा प्रयोग)